भाजी घरात आली, पण ताटात किती पोचली?

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की नेरळच्या बाजाराचा रंग बदलतो. डोंगरउतारावरच्या वाड्यांतून ठाकूर आणि कातकरी बायका पहाटेच पाट्या घेऊन खाली उतरतात आणि ओल्या गोणपाटावर हिरवे वाटे लावून बसतात. आधी शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आणि पुढे आषाढ-श्रावणात कंटोली. काहीजणी लोकलने कल्याण, ठाणे, दादरपर्यंतही जातात. “घे गं बाय, पहाटंच खुडलाय,” असे म्हणत टाकळ्याचा वाटा पुढे करणारी मावशी आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. “रानातला पाला आता कोण खातो!” असे म्हणून तिथून पुढे सरकणाऱ्या आणि चार पावलांवर दोन-तीन दिवसांचा फ्लॉवर घेणाऱ्या आपल्या भगिनीही पाहतो.

त्या भगिनींना दोष देण्यासाठी हा लेख नाही. आमच्या शेजारच्या एका घरात एका सासूबाईंनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर शोधण्यासाठी तो आहे.

त्या घरातला मुलगा मुंबईत नोकरीला आहे. पहाटेची लोकल गाठायची म्हणून सून चारला उठते. सकाळी वेळ मिळत नाही म्हणून भाजी रात्रीच निवडून, चिरून पातेल्यात पाण्यात ठेवते. सकाळी भाजी उकडायची, पाणी पिळून टाकायचे, फोडणी द्यायची, डबा भरायचा. उरलेली भाजी दुपारी एकदा आणि रात्री एकदा गरम करायची. सुनेला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन आठवर आलेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पालेभाज्या खायला सांगितल्या. तेव्हा सासूबाई आम्हाला म्हणाल्या, “अहो, आमच्या घरात रोज पालेभाजी असते. मग हिचं रक्त कमी कसं?”

प्रश्न रास्त आहे. भाजी घरात रोज येत होती. पण भाजीतले जे हवे होते, ते त्या मुलीच्या पोटापर्यंत किती पोचत होते?

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे

जीवनसत्त्वांचे दोन वर्ग आहेत. अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळतात. क जीवनसत्त्व आणि ब गटातली सगळी जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. मिठाचा खडा पाण्यात टाकला आणि ते पाणी मोरीत ओतले, तर मीठ पाण्याबरोबर जाते. या जीवनसत्त्वांचेही तसेच होते. शिवाय त्यांना आणखी तीन शत्रू आहेत: उष्णता, हवा आणि वेळ. क जीवनसत्त्व या सगळ्यांत नाजूक. फोलेट, म्हणजे फॉलिक आम्ल, हे ब गटातले जीवनसत्त्व त्याच्या खालोखाल.

दुसरी गोष्ट, शरीर यांचा मोठा साठा करून ठेवत नाही. जास्त झाले तर ते लघवीवाटे निघून जाते. म्हणून महिन्यातून एकदा पोटभर पालेभाजी खाऊन भागत नाही. थोडी, पण रोज लागते. ब-१२ हा मात्र अपवाद आहे. त्याचा साठा यकृतात बराच काळ टिकतो आणि ते भाजीत नसतेच. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. म्हणजे नुसत्या भाजीने सगळे भागते असेही कोणी समजू नये.

यांची कामे काय? क जीवनसत्त्वाने हिरड्या आणि त्वचा धड राहते, जखम भरून येते. त्याहून आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, भाजी-भाकरीतले लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने शरीरात चांगले शोषले जाते. ब-२ कमी पडले तर ओठांचे कोपरे चिरतात, जीभ लाल होते. फोलेट लागते ते नवे रक्त तयार होण्यासाठी आणि पोटातल्या बाळाच्या वाढीसाठी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार रोज क जीवनसत्त्व पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागते. फोलेट एरवी स्त्रीला २२० मायक्रोग्रॅम पुरते, पण गरोदरपणी ५७० लागते, म्हणजे अडीच पटीहून अधिक. एवढी वाढ लागते ती नेमकी त्या काळात, ज्या काळात आपल्या घरातली सून लाजून अर्धपोटी उठते.

कुतच्या वेढ्यातली गोष्ट

ताजी भाजी मिळाली नाही तर काय होते, याचा कठोर धडा आपल्याकडच्या शिपायांनी शंभर वर्षांपूर्वी घेतला आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होती. तीत मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की सैन्याने या फौजेला कुत गावात वेढले. वेढा जवळजवळ पाच महिने चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली.

या वेढ्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे. त्यांच्यात बेरीबेरी हा रोग उद्भवला, कारण मैद्यात ब-१ उरत नाही. हिंदी शिपाई कोंड्यासकट दळलेला आटा आणि डाळ खात. त्यांना बेरीबेरी झाला नाही. पण त्यांच्या शिध्यात ताजी भाजी नव्हती, आणि घोड्याचे मांस पुष्कळांनी बरेच दिवस घेतले नाही. त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजून रक्त येऊ लागले, सांधे दुखू लागले, साध्या जखमा भरेनात. एकाच गावात, एकाच वेढ्यात, ताटात जे नव्हते त्याप्रमाणे दोन रोग झाले. आट्याने एकापासून वाचवले. दुसऱ्यापासून वाचवायला हिरवा पाला हवा होता आणि तो नव्हता.

त्या युद्धाच्याच काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले की, कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही टाळण्याचा गुण नसतो, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की तो गुण येतो. आपल्या घरी वालाला मोड आणणाऱ्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते. कृती मात्र ती नेमकी तीच करत होती.

परळच्या प्रयोगशाळेतला शोध

दुसरी गोष्ट आणखी जवळची, मुंबईतली. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक घातक पांडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि संख्येने कमी होत, अंगावर सूज येई, आणि कितीतरी बायका बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर दगावत. कोणी म्हणे जंतूंमुळे होते, कोणी म्हणे हवामानामुळे.

लुसी विल्स यांनी आजारी बायकांचे रक्त तर तपासलेच, पण त्या बायका काय खातात हेही पाहिले. निरनिराळ्या थरांतल्या स्त्रियांच्या आहाराची तुलना केल्यावर दिसले की, ज्यांचे खाणे सर्वांत निकृष्ट त्यांनाच हा पांडुरोग सर्वांत जास्त. गरीब मुस्लिम स्त्रियांची दशा सर्वांत वाईट होती. मग प्राण्यांवर प्रयोग झाले. या बायकांच्या आहारासारख्या निकृष्ट आहाराने आजारी पडलेल्या माकडाला मार्माइट दिले, म्हणजे यीस्टपासून केलेला एक स्वस्त अर्क, आणि ते सुधारले. तोच अर्क रुग्ण स्त्रियांना दिल्यावर त्याही सुधारू लागल्या. १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

अर्कात नेमके काय होते, ते पुढे दहा वर्षांनी कळले. १९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पाल्यातून एक द्रव्य वेगळे काढले. पानाला लॅटिन भाषेत ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक आम्ल ठेवले. काही वर्षांतच यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतच ते कृत्रिमरीत्या तयार झाले. आज आशाताई गरोदर भगिनीच्या हातात जी गोळी ठेवतात, त्या गोळीची वाट परळहून सुरू झाली आहे. आणि त्या द्रव्याचे नावच मुळी पानावरून पडलेले आहे.

तेव्हापासून नव्वद वर्षे उलटली. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे शंभरात ५४ जणींचे रक्त कमी आढळले. हे सगळे काही फोलेटच्या अभावाने होत नाही. लोहाची कमतरता हे मोठे कारण आहे. पण लोह शोषायला क जीवनसत्त्व लागते, आणि तेही भाजीतूनच यायचे असते.

वाटेत कुठे कुठे सांडते?

आता त्या सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांच्या घरी आलेल्या भाजीची वाट आम्ही मनातल्या मनात मागे मागे तपासली.

पहिली गळती बाजाराच्या आधीच होते. घाटावर काढलेली भाजी ट्रकने वाशीच्या किंवा कल्याणच्या घाऊक बाजारात येते, तिथून फुटकळ विक्रेत्याकडे, आणि मग नेरळला. पाने खुडल्या क्षणापासून क जीवनसत्त्व कमी होऊ लागते. उन्हात, गरम हवेत ते भराभर जाते. कोमेजलेली जुडी पाण्याचा शिपका मारून टवटवीत दिसते, पण गेलेले जीवनसत्त्व परत येत नाही. उलट डोंगरातला टाकळा, परसातला शेवगा, भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर उन्हाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या गावांतला माठ हे काही तासांत आपल्या हातात येऊ शकते.

दुसरी गळती विळीवर होते. भाजी चिरली की पानातल्या पेशी फुटतात आणि आतला रस हवेला लागतो. जितकी बारीक चिरावी तितके अधिक जाते. चिरून मग धुतली किंवा रात्रभर पाण्यात ठेवली, तर उरलेले पाण्यात उतरते. म्हणून नियम सोपा आहे. आधी अख्खी पाने दोन-तीन पाण्यांत धुवावीत, निथळू द्यावीत आणि शिजवण्याच्या जरा आधी चिरावीत. पावसाळ्यात अळ्या-किडे असतात, तेव्हा अख्खी पानेच थोडा वेळ मिठाच्या पाण्यात बुडवून काढावीत.

तिसरी आणि सर्वांत मोठी गळती पातेल्यात होते. भरपूर पाण्यात पालेभाजी उकडून ते पाणी ओतून दिले, तर क जीवनसत्त्व निम्मे किंवा त्याहून अधिक जाऊ शकते, आणि फोलेटचेही तसेच. रंग हिरवा राहावा म्हणून काहीजणी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. त्याने रंग राहतो, पण क आणि ब-१ या दोन्हींचा नाश होतो. कल्हई उडालेले तांब्या-पितळेचे भांडेही क जीवनसत्त्वाचे वैरी आहे. तांब्याच्या संगतीत ते लवकर नासते.

चौथी गळती डब्यात होते. सकाळची भाजी रात्रीपर्यंत तीनदा गरम केली की प्रत्येक वेळी त्यातले थोडे थोडे जाते.

आता हिशेब करा. दोन दिवस प्रवासात, रात्रभर चिरून पाण्यात, सकाळी उकडून पिळलेली, आणि रात्री पुन्हा गरम केलेली पालेभाजी. तिच्यात चोथा आहे, काही क्षार आहेत, अ जीवनसत्त्व देणारा अंशही बराच आहे. ती अगदी वाया गेली असे नाही. पण सुनेला जे सर्वांत जास्त हवे होते, ते मोरीतून वाहून गेले.

पाणी टाकावेच लागते तेव्हा

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘भाजीचे पाणी कधीच टाकू नका’ असे आम्ही सरसकट म्हणणार नाही. रानभाज्यांच्या बाबतीत आपल्या जुन्या बायकांनी ठरवलेले काही नियम जिवाच्या अनुभवाने ठरले आहेत. शेवळं नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यांत काकडाची फळे किंवा चिंच, कोकम घालतात. अळूलाही आंबट लागतेच. भारंगीचा पाला कडू, म्हणून तो उकडून पिळतात. हे नियम मोडू नयेत. ज्या भाजीचे पाणी टाकावे लागते, त्या दिवशी क जीवनसत्त्व दुसरीकडून घ्यावे: ताटात लिंबाची फोड, वरून कोथिंबीर, एखादा पेरू किंवा आवळा.

तसेच रानभाजी ओळखणाऱ्याकडूनच घ्यावी. नुसत्या हौसेने कुठलाही पाला खुडून आणू नये. गटाराकाठचा, हमरस्त्याच्या कडेचा टाकळा घेऊ नये. ज्यांना मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी कोणती पालेभाजी किती खावी हे डॉक्टरांना विचारावे.

आपल्याच चुलीवरचे शहाणपण

बाकीच्या भाज्यांसाठी मात्र नवे काही शिकायचे नाही. जुनेच आठवायचे आहे. आमच्या आजीच्या हातची टाकळ्याची भाजी आम्हाला आठवते. कांदा परतायचा, भिजवलेली डाळ घालायची, धुऊन चिरलेला टाकळा घालायचा आणि वर ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी ओतायचे. भाजीत पाण्याचा थेंब नाही. ती आपल्याच वाफेवर शिजायची. थोडा वेळ, झाकलेले भांडे आणि बेताचे पाणी हे आजचे आहारशास्त्र सांगते, आणि आजीची ताटलीही तेच सांगत होती. पातळभाजी किंवा डाळीत घातलेला पालाही चांगला, कारण पाण्यात उतरलेले आपण पिऊनच टाकतो. भाताची पेज टाकून न देता पिणे यातही हेच तत्त्व आहे.

आपल्या रायगडची पोपटी घ्या. थंडीत मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा भरायच्या, तोंड पाल्याने बंद करायचे आणि भोवती जाळ करायचा. पाणी घालायचेच नाही. शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. मग ओतायला पाणीच उरत नाही.

आणि वाल! भात कापून झाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर कर्जत-खालापूरकडे वाल होतात. ते भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले आणि सोलून बिरडे केले की कोरड्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्व त्यात तयार झालेले असते. शिजवताना थोडे जाते, म्हणून बिरडे गाळ करू नये. मूग, मटकीचे मोड तर वाफ देऊन लिंबू पिळूनही खाता येतात. ज्या आठवड्यात भाजी महाग असेल, त्या आठवड्यात मूठभर मूग भिजत घालणे कोणालाही परवडते.

फेकले जाणारेही पाहावे. मुळा घेऊन पाला टाकून देणारी घरे आहेत. क जीवनसत्त्व मुळ्यापेक्षा पाल्यात अधिक असते. शेवग्याच्या शेंगा विकत घेतो, पण पाला गुरांपुढे जातो. त्या शंभर ग्रॅम पाल्यात शंभर मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, शिजवून निम्मे गेले तरी पुष्कळ उरते. आवळा तर यात राजाच, शंभर ग्रॅमला अडीचशेच्या पुढे. उन्हाळ्यात माथेरानच्या पायथ्याला करवंदे मिळतात. तेही फळच आहे. पानावर विकते म्हणून ते हलके ठरत नाही.

लाज कसली?

आता एक अवघड गोष्ट बोलतो. टाकळा-कुर्डूकडे पाठ फिरवण्यामागे केवळ चवीचा प्रश्न नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी या भाज्या आवडीने नव्हे, तर नाइलाजाने खाल्ल्या. घरात दाणा नसायचा, तेव्हा रानातल्या पाल्याने पोरे जगवली. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना तो पाला पुन्हा ताटात नको वाटतो. मुलगा शिकला, रेल्वेत किंवा कारखान्यात लागला, आता तरी फ्लॉवर-मटार खाऊ, असे वाटणे माणसाचे आहे. आम्ही त्याला हसणार नाही.

पण लाज वाटायची तर ती उपासमारीची, आणि ती आपली लाज नव्हे. ज्या व्यवस्थेने माणसाला उपाशी ठेवले तिची ती लाज आहे. टाकळ्याने तर आपल्याला जगवले. त्याला त्या दिवसांबरोबर हद्दपार करणे म्हणजे अडचणीत साथ देणाऱ्याला बरे दिवस येताच ओळख न दाखवण्यासारखे आहे. आज आपण तो नाइलाजाने खाणार नाही. जाणून-समजून, भाकरी, डाळ, अंडे, मासळी यांच्या जोडीला खाणार आहोत. शिवाय तो विकणारी ठाकूर-कातकरी मावशी आपल्यासारखीच कष्टाची बाई आहे. तिच्याकडून भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. पहाटे डोंगर उतरून तिने जे ताजेपण आणले आहे, ते वाशीहून येत नाही.

भाजी कोणाच्या ताटात?

शेवटची गळती मात्र कुठल्या पातेल्यात होत नाही. ती पंगतीत होते. आधी डबा भरतो, मग मुले जेवतात, मग म्हातारी माणसे, मग पुरुष. सून शेवटी बसते, आणि तेव्हा टोपात भाजीचा खरडा असतो. भात असतो, चटणी असते. वरून तिला भूक मारणारा चहा मिळतो, आणि जेवणाबरोबरचा चहा लोहाचे शोषण कमी करतो. नव्वद वर्षांपूर्वी लुसी विल्स यांनी घरात काय शिजते यापेक्षा बाई काय खाते याकडे पाहिले, म्हणून त्यांना उत्तर सापडले. आपणही आपल्या घरात तेवढे पाहिले तर?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसाने दिवसाला भाज्या आणि फळे मिळून निदान चारशे ग्रॅम खावीत. आज रात्री आपल्या घरातल्या बाईच्या ताटातली भाजी डोळ्यांनी मोजा. कितीशी भरते?

आणि वेळेचा प्रश्न. चारला उठणाऱ्या सुनेला “सकाळी ताजी चिर” एवढेच सांगून आपण मोकळे झालो, तर ते शहाणपण नव्हे, जुलूम आहे. एक बाई चुलीवर असताना दुसऱ्या कोणीतरी विळी घेतली तर पाच मिनिटांत जुडी होते. ते हात पुरुषाचे असले तर त्यात कमीपणा नाही. समतेची भाषा आपण व्यासपीठावर बोलतो. ती विळीपाशीही बोलता आली पाहिजे.

एक गोष्ट पुन्हा बजावतो. गरोदर भगिनीने भाजीवर विसंबून गोळ्या सोडू नयेत. लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी गरोदरपणात १८० दिवस घ्यायची असते आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच पडतो, पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्याच्याही आधी. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर फॉलिक आम्लाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. गोळी औषधाचे काम करील, भाजी रोजच्या अन्नाचे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

त्या शेजारच्या घरात हे सगळे आम्ही एका संध्याकाळी बसून बोललो. सासूबाईंनी ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाल्या, “म्हणजे ताकद आम्हीच मोरीत ओतत होतो म्हणा की!” दुसऱ्या दिवसापासून भाजी निवडून, अख्खी धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली जाऊ लागली. सकाळी मुलगा दात घासून झाल्यावर विळीवर बसू लागला. गोळ्या चालू राहिल्या. आणि सासूबाईंनी आपणहून एक रीत पाडली. भाजी झाली की पहिली वाटी सुनेची बाजूला काढायची, मग डबा भरायचा.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, यात खर्च काहीच वाढला नाही. बाजारात तीच जुडी, चुलीवर तेच पातेले. उद्या सकाळी भाजीचे पाणी मोरीत ओतण्याआधी क्षणभर हात थांबवा, आणि पहिली वाटी कोणाची, तेही ठरवा.